कॉन्टेसाच्या कमरेचं दुखणं

शनिवारी रात्री मित्राचा मेसेज आला, 'उद्या रोडपालीला येतेस? सकाळी आठ. जुने कपडे घालून ये.' मी अर्धवट झोपेत त्यातलं 'पाली' तेवढं वाचलं आणि खूश झाले. म्हटलं, वा, बल्लाळेश्वराचं दर्शन, येताना मिसळ, रविवार सत्कारणी! सकाळी गाडीत बसल्यावर कळलं की अष्टविनायकातली पाली राहिली तिकडे सुधागडात आणि आपण चाललोय कळंबोलीला. रोडपाली हे कळंबोलीचंच एक टोक. ना देऊळ, ना धबधबा, ना रिसॉर्ट.

"मग तिथे आहे काय?"

"माझी कॉन्टेसा," तो म्हणाला. "ॲडमिट आहे."

ज्यांचा जन्म नव्वदीत झाला त्यांनी कॉन्टेसा पाहिली असेल ती बहुतेक जुन्या हिंदी सिनेमात. व्हिलन उतरतो ती. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ मध्ये ही गाडी आणली. मुळात ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची सत्तरच्या दशकातली बॉडी, जी आपल्याकडे उत्तरपाड्याच्या कारखान्यात नव्याने जन्माला आली. सुरुवातीला तिला अँबेसेडरचं १५०० सीसीचं इंजिन होतं, म्हणजे पैलवानाच्या अंगात शाळकरी पोराचं हृदय! मग इसुझुचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाच गिअर आले आणि 'कॉन्टेसा क्लासिक' खऱ्या अर्थाने पळायला लागली. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. लांब बॉनेट, रुंद खांदे, मागे ऐसपैस डिकी. या रुबाबामुळे तिला 'भारताची मसल कार' म्हणतात. ताकद म्हणाल तर जेमतेम ८८ हॉर्सपॉवर. आजच्या काही हॅचबॅकही जवळपास तेवढी देतात. अमेरिकेत १९६४ ला पॉन्टिॲक जीटीओ आली तिचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. पण लुक्सला मार्क असतील तर कॉन्टेसा आजही डिस्टिंक्शनमध्ये पास आहे, बॉस!

आणि अमेरिकन मसल कारशी तिचं आणखी एक साम्य आहे. सरळ रस्त्यावर राणी, वळणावर बोट.

सगळे जातात, कोणी थांबत नाही

कळंबोली हे तुम्हाआम्हाला माहीत असलेलं आणि कधीच न पाहिलेलं ठिकाण. मुंबईचे निम्मे वीकएण्ड इथून सुरू होतात. २००२ मध्ये पूर्ण खुला झालेला एक्स्प्रेसवे इथेच सुरू होतो, मॅकडोनाल्डला गँग जमते, कॉफ्या होतात आणि सगळे लोणावळ्याकडे सुटतात. आम्ही मात्र सायन-पनवेल हायवेवरून आलो आणि मॅकडोनाल्डपर्यंत न जाता सर्कललाच डावीकडे मुंब्र्याच्या रस्त्याला वळलो. बस्स, पिक्चरच बदलला.

इथे राज्य ट्रेलरचं. स्टील मार्केटला येणारे-जाणारे. एकेका ट्रेलरवर पोलादी पत्र्याचं अवाढव्य भेंडोळं, साखळदंडाने आवळलेलं, खाली लाकडाची पाचर. त्या पाचरीकडे बघत आपण मुकाट्याने मागे राहायचं, ओव्हरटेकचा विचारही करायचा नाही. रस्त्याच्या कडेने टायरवाले, वेल्डिंगवाले, हवा-पंक्चर, चहा आणि पाटेवाले. ट्रकच्या मागच्या कमानीचे ते लोखंडी पाटे भट्टीत लाल करून घणाने ठोकून परत बाक देणारे लोक. रविवारी सकाळी साडेआठलासुद्धा घणाचा आवाज चालू होता. एवढ्या सगळ्या वजनाखाली इथल्या रस्त्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. काँक्रीट आहे तिथे ठीक. जिथे डांबर आहे तिथे चाकोऱ्या पडल्यात, अगदी बैलगाडीच्या पडायच्या तशा.

मग एकदम टॉवर्स सुरू होतात. सेक्टर नंबर, बाल्कनीत वाळणारे कपडे, जिम, पिझ्झा, 'टू बीएचके रेडी पझेशन'. हीच रोडपाली. आणि या टॉवर्सच्या मधोमध जुनं गावही आहे, गल्ल्या अरुंद, ओट्यावर बसलेल्या आज्या. सिडको १९७० मध्ये आली, पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. त्यासाठी जासईला जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच शेतकरी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, ती त्या लढ्यातून. कॉन्टेसा ज्या वर्षी आली तेच हे वर्ष. हे मला आधी सुचलं नव्हतं. गॅरेजच्या जागेचे मालक, गावातले एक आगरी काका, बोलता बोलता 'चौऱ्याऐंशी साल' म्हणाले तेव्हा डोक्यात लाइट पेटला. त्यांची शेड याच साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहे. शेडमध्ये शिरताच त्यांनी मित्राला पहिला प्रश्न केला, "काय रं, ही गारी कवा हलनार?"

गारी पाच आठवडे घोड्यांवर होती. (घोडी म्हणजे जॅक काढल्यावर गाडी ज्या लोखंडी तिवईवर टेकवतात ती. मलाही त्या दिवशीच कळलं.)

दोन वेढे

आता मूळ भानगड. ही कॉन्टेसा मित्राच्या बाबांची. १९९६ मध्ये सेकंडहँड घेतलेली. गावाला, महाडजवळ, दर गणपतीला हीच गाडी. मागच्या सीटवर पाच जण, डिकीत तांदळाचं पोतं. बाबा तिला 'सोफा' म्हणायचे. खड्ड्यातून गेली तरी आतल्या माणसाला नुसती झुळूक लागल्यासारखं. अर्थात पुढच्या वळणावर तोच सोफा एका बाजूला कलंडायचा आणि मधल्या सीटवरची आत्या ओरडायची, तो भाग वेगळा.

मित्र मोठा झाला, ऐरोलीला आयटीत लागला, रात्र रात्र जागून अमेरिकन मसल कारचे व्हिडिओ बघायला लागला. तिकडे हा अख्खा उद्योगच आहे. साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या, ज्या फक्त सरळ जाण्यासाठी बनल्या होत्या, त्यांना वळायला शिकवायचं. मग आपल्याही गाडीची 'हँडलिंग' सुधारायची हे त्याने ठरवलं. बाबांनी किल्ली दिली, म्हणाले, "बघ बाबा, तुझ्या पिढीची आवड."

एका चकाचक गॅरेजमध्ये (नाव नको) त्याला सांगितलं गेलं, सोपं आहे. चारही स्प्रिंगचे दोन दोन वेढे ग्राइंडरने कापायचे. गाडी खाली बसेल, कडक होईल, वळणावर झुकणार नाही. एका दुपारचं काम. झालं! गाडी दिसायला जबरदस्त झाली. फोटोंना मरणाचे लाइक्स.

पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन तो नवीन पनवेलच्या घरी येत होता. सोसायटीच्या गेटसमोर एक स्पीडब्रेकर आहे. स्पीड फार नव्हता, वीसेक. पण मागे बसलेल्या बाबांना खालून असा दणका बसला की ते उतरूच शकले नाहीत. स्लिप डिस्क आधीपासून होती. तीन आठवडे झोपून काढले. उठल्यावर रागावले नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाले, "गाडी आता तुझी." आणि नंतर आठ महिने ते त्या गाडीत बसले नाहीत. गणपतीला बाबा एसटीने गेले. हा कॉन्टेसा घेऊन एकटा.

हे सगळं त्याने मला कळंबोलीच्या सिग्नलला सांगितलं, समोर बघत. एरवी अखंड बडबडणारा पोरगा.

रबराचं म्हातारपण

गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे 'मामा' म्हणतात. मूळचे कराडकडचे, पन्नाशी ओलांडलेले. आयुष्य ट्रकखाली गेलं, आता जुन्या गाड्या करतात, हौसेने. हॉटेलातल्या शेफपेक्षा कमी बोलतात आणि बोलले की कामाचं बोलतात. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा त्यांनी बॉनेट उघडलंच नाही म्हणे. चारही कोपऱ्यांवर एकेकदा हाताने जोर दिला आणि सोडून दिलं. धड शॉक असेल तर गाडी वर येऊन गप बसते. ही तीन-तीनदा नाचली. मग आत पहार घातली आणि मागच्या एका दांड्याच्या टोकाला नेटाने ढकललं. दांडा सहज सरकला.

"हिचं आर्धं दुखणं रबरात हाय," मामा म्हणाले. "स्प्रिंगला उगाच मारलं लोकांनी."

माझ्यासारख्या 'गाडी म्हणजे ओला-उबर' पब्लिकसाठी थोडा फंडा क्लिअर करते. अँबेसेडरच्या मागे पाटे असायचे, ट्रकसारखे. पाटा दोन कामं करतो. वजन पेलतो आणि ॲक्सल जागच्या जागी धरूनही ठेवतो. कॉन्टेसाच्या मागे पाटे नाहीत, गोल स्प्रिंगा आहेत. गोल स्प्रिंग फक्त वजन पेलते. ॲक्सल पुढेमागे जाऊ नये म्हणून वेगळे आर्म लागतात, आणि डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा, त्याला पॅनहार्ड रॉड म्हणतात. त्याचं एक टोक बॉडीला, दुसरं ॲक्सलला. या सगळ्या टोकांत रबराचे बुश असतात, बांगडीएवढे. ते तीस वर्षांचे झाले की चिरतात, कडक होतात, मधून खातात. मग तुम्ही स्टिअरिंग वळवता, पुढची चाकं वळतात, बॉडी झुकते आणि मागचा ॲक्सल अर्ध्या सेकंदाने म्हणतो, 'थांबा, मीपण आलो.' बोट वाटते ती यामुळे. स्प्रिंग बिचारी निर्दोष.

आणि वेढे कापल्याने काय झालं? मामांनी खडूने शेडच्या फरशीवरच गणित मांडलं. समजा आठ वेढ्यांची स्प्रिंग आहे. दोन कापले, सहा राहिले. तेवढ्याच तारेची स्प्रिंग तीन भाग होती ती चार भाग कडक झाली, म्हणजे तेहतीस टक्के. पण त्याहून वाईट म्हणजे दबायला जागाच उरली नाही. चाक वर यायला आधी जेवढी वाट होती त्यातली बरीचशी गाडी उभी असतानाच संपलेली. स्पीडब्रेकर आला की स्प्रिंग दबते ना दबते तोच ॲक्सल थेट स्टॉपरवर आदळतो आणि तो धक्का सीटमधून सरळ माणसाच्या पाठीत.

बरं, आपले स्पीडब्रेकर तरी कसे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावर लाटेसारखी चढून उतरते. सोसायट्यांच्या गेटवर असतात ते फूटभर रुंदीचे डांबराचे लाडू. या देशात गाडीची हँडलिंग सुधारायची तर आधी त्या लाडूचा विचार करावा लागतो. अमेरिकन व्हिडिओत हे कोणी सांगत नाही!

व्हिडिओवरून आठवलं. मित्राने मामांना मोबाइलवर १९६५ ची शेल्बी जीटी ३५० दाखवली होती. फोर्ड मस्टँगवरून कॅरल शेल्बीने केलेली, रेसची. मामांचा प्रश्न एकच, "त्यानं नेमकं केलं काय?" शोधून काढलं. पुढच्या वरच्या आर्मचे बोल्ट एक इंच खाली आणले, म्हणजे वळणावर बॉडी झुकली तरी टायर जमिनीला नीट टेकून राहतो. पुढे एक इंच जाडीचा अँटी-रोल बार टाकला. शॉक बदलून कोनीचे घातले. मामांनी दोनदा ऐकून घेतलं. "म्हंजे नुसती ग्राइंडर नाय चालवली त्यानं," एवढं म्हणून कामाला लागले.

बाप-लेकाची तडजोड

मला वाटलं होतं, इथे मी दोन फोटो काढीन, चहा पिईन आणि परत. पण पाच आठवडे काय काय झालं ते ऐकण्यात सकाळ गेली.

कॉन्टेसाचे पार्ट शोरूममध्ये मिळण्याचे दिवस कधीच गेले. मित्र दोन शनिवार कुर्ल्याला सीएसटी रोडच्या भंगारवाल्यांकडे फिरला. पार्ट फारसे मिळाले नाहीत, पण कॉन्टेसाचं नाव काढताच प्रत्येकाने आपापली गोष्ट सांगितली. आर्मचे बुश मग दुसऱ्या गाडीचे, मापाजवळचे घेतले आणि कळंबोलीतल्या एका लेथवाल्याकडून त्यांना बाहेरून बसतील अशा पोलादी नळ्या करून घेतल्या. मित्राला सगळीकडे पीयूचे बुश हवे होते, पॉलियुरेथेनचे, कारण व्हिडिओत तेच लावतात. मामा नाही म्हणाले. पीयू कडक, टिकाऊ, पण रस्त्याची प्रत्येक खरखर केबिनमध्ये पाठवतं, आणि चुंचुं वाजतं. "चार आर्मला रबरच राहू दे, सायबांची पाठ हाय. पीयू फक्त आडव्या दांड्याला आन् बारला." ही वाटणी मला फार आवडली. मागचा ॲक्सल डावी-उजवीकडे हलणार नाही, पण खड्डा रबरात जिरेल.

स्प्रिंगा नव्या गुंडाळून घेतल्या, तळोजा एमआयडीसीत एका स्प्रिंगवाल्याकडे. जाताना कासाडी नदी लागते. हीच ती, जिच्या काठची भटकी कुत्री ऑगस्ट २०१७ मध्ये निळी झाली होती. कारखान्याच्या रंगाने. तेव्हा देशभर बातमी झाली होती. मित्र सांगत होता, स्प्रिंगा घ्यायला गेला त्या दिवशी त्याने पुलावर काच वर केली ती थेट कारखान्याच्या दारातच खाली केली. एवढ्या वर्षांत लोकांच्या नाकाची काच कायमचीच वर झाली असावी.

उंचीवरून मात्र जुंपली. मित्राला गाडी मूळ उंचीपेक्षा अडीच इंच खाली हवी होती. मामांनी पाऊण इंचच खाली घेतली. मित्र रुसला. मामांनी त्याला सोसायटीच्या गेटवरच्या स्पीडब्रेकरची उंची मोजून आणायला सांगितली. घरची पट्टी घेऊन तो रात्री अकराला मोजायला गेला, वॉचमनने हटकलं. आकडा मामांना सांगितल्यावर विषय संपला.

आणि मग त्या सगळ्यातला खरा मास्टरस्ट्रोक, अँटी-रोल बार. हा एक इंग्रजी 'यू' आकाराचा पोलादी बार, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा. गंमत अशी की दोन्ही चाकं एकदम वर आली तर तो नुसता फिरतो, काहीच विरोध करत नाही. एक चाक वर आणि एक खाली गेलं, म्हणजे वळणावर गाडी झुकली, की मग पिळला जातो आणि झुकणं अडवतो. म्हणजे पूर्ण रस्त्याच्या आडव्या स्पीडब्रेकरवर बाबांना सोफा आणि वळणावर पोराला मसल कार! (एकाच चाकाखाली खड्डा आला तर मात्र थोडा झटका जास्त लागतो. फुकट काही मिळत नाही.) त्याची ताकद जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. २० मिलिमीटरचा बार २२ चा केला तर दोनच मिलिमीटरमध्ये जवळपास ४६ टक्के जास्त. म्हणून मामा मोजून पुढे जातात. पुढे फार जाड टाकला तर गाडी वळायलाच नको म्हणते, सरळच जाते. त्यांनी एकच साइज वाढवली. बार वाकवणं शेजारच्या पाटेवाल्याकडे झालं असतं, भट्टी त्याच्याकडे होतीच. पण तापवून वाकवलेलं स्प्रिंग स्टील तेलात विझवून परत बेताने तापवलं नाही तर काचेसारखं तुटतं. तेही तळोज्यालाच करून घेतलं.

शॉक दुसऱ्या गाडीचे, पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद अशी लांबी मोजून. टायर नवे रेडियल. बाकी गाडीला हात नाही. रंग तोच, इंजिन तेच, बॉडी तीच. मामांची एक अट असते, कागदावर जे लिहिलंय ते बदलायचं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलंय, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंद असलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल चालणार नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीला पुन्हा पासिंग करावं लागतं, तेव्हा उगाच पंगा नको.

बिलाचा आकडा छापू नकोस, असं मित्राने बजावलंय. हिंट देते, नव्या आयफोनपेक्षा कमी.

कर्नाळ्याची वळणं

अकराच्या सुमाराला गाडी घोड्यांवरून उतरली. शेडमधली सगळी पोरं हातातलं काम टाकून जमली. आणि तेवढ्यात रिक्षातून बाबा उतरले.

मित्राने सांगितलंच नव्हतं की ते येणार आहेत. त्यालाही खात्री नव्हती, असं नंतर म्हणाला. पांढरा शर्ट, कमरेला तो पट्टा, हातात वर्तमानपत्र. मामांनी प्लॅस्टिकची खुर्ची पुसून दिली, पाठीशी एक उशीही. "बसा साहेब." बाबा बसले नाहीत. गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाच्या कमानीत चार बोटं घालून बघितली, किती जागा आहे ती. मग मामांना विचारलं, "कापल्या नाहीत ना?"

"नव्या हायत, साहेब. मूळ मापापेक्षा पाऊण इंच कमी, तेवढं पोराच्या समाधानाला."

बाबा हसले की नाही, मला कळलं नाही.

अलाइनमेंट करून आम्ही निघालो. मित्र स्टिअरिंगवर, शेजारी मामा, मागे बाबा आणि मी. मी उगाचच सीटची कड धरून बसले होते. रोडपालीतून बाहेर पडतानाच पहिला लाडू आला. मित्राने इतका ब्रेक मारला की मागच्या ट्रेलरने हॉर्नवर जीव काढला. "अहो, जाऊ द्या की नेहमीसारखी," मामा म्हणाले. दुसऱ्यावर तो वीसने गेला. पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची. एक मऊसा 'धप्' झाला, तोही खालीच राहिला. बाबांनी पेपर उघडला आणि काहीच वाचलं नाही.

कळंबोली, पनवेलचा बायपास, पळस्पे. तिथून मुंबई-गोवा महामार्ग, ज्याच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून कोकणातल्या प्रत्येक घरात जेवताना निघणारा तो विषय. पुढे कर्नाळ्याची खिंड. किल्ल्याचा तो अंगठा दिसायला लागतो, झाडी जवळ येते, हवेत गारवा येतो आणि वळणं सुरू होतात. मुंबईतल्या प्रत्येक बाइकवाल्याने कधी ना कधी इथे स्वतःला रेसर समजून घेतलंय.

मित्राने पहिलं वळण साठला घेतलं. मी उजवीकडे घरंगळायची तयारी ठेवून होते, गाडीच घरंगळली नाही. थोडी झुकली, थांबली आणि वळण संपलं. दुसरं उलट्या बाजूचं, लगेच. पूर्वी इथे गाडी एकीकडून दुसरीकडे झोका घ्यायची, पाळण्यासारखी, असं मित्र ओरडून सांगत होता. आता शेपूट पुढच्या चाकांच्या मागोमाग गुमान येत होती. काही धावपळ नाही, टायरचा आवाज नाही. अँड दॅट्स द पॉइंट, असं तो म्हणाला असता, पण मागे बाबा होते.

"स्पीड किती आहे?" बाबांनी विचारलं.

"साठ... पंचावन्न."

"वाटत नाही." थोड्या वेळाने, "पूर्वी इथे चाळीसला तुझी आत्या देवाचं नाव घ्यायची."

खिंडीच्या पलीकडे चहाला थांबलो. बाबा स्वतःहून दार उघडून उतरले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मित्र ग्लास हातात धरून त्यांच्याकडे बघत होता, ज्या नजरेने आपण ऑनलाइन लागलेल्या रिझल्टकडे बघतो, पान उघडायच्या आधी. बाबांनी चहा संपवला. मग मामांना म्हणाले,

"मागे डावीकडे काहीतरी चूं वाजतंय. वळण सोडलं की."

"पीयूचा बुश हाय साहेब, आडव्या दांड्याचा. ग्रीस मारून देतो."

"आणि स्टिअरिंग जरा जड झालंय का? टायर रुंद घेतलेत?"

"जरा रुंद हायत."

"हवा किती ठेवलीय? दोन पौंड वाढवून बघा." मामांनी खिशातून छोटी डायरी काढली, लिहून घेतलं. बाबांचं चालूच होतं. मागच्या दाराची रबर सुटलीय. डिकीला खालून आवाज आहे, तो आधीपासूनचा, १९९८ पासून कोणाला सापडला नाही. डाव्या आरशाचा स्क्रू. मित्र मध्ये एक शब्द बोलला नाही. किल्ली त्याच्या हातात होती, ती बाबांनी बोलता बोलताच काढून घेतली, टपावरची धूळ रुमालाने झटकली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून सीट दोन खाचा पुढे घेतली.

"पळस्प्यापर्यंत मी नेतो," ते म्हणाले. "तू मागे बस. आवाज कुठून येतो ते नीट ऐक."